मराठी काव्यातील देवघेव : ओवी, मसनवी आणि गझल

कोणत्याही भाषेच्या काव्याचा इतिहास पाहू लागलो म्हणजे एक गोष्ट प्रकर्षाने नजरेत भरते. कवीचे विचार, भावना आणि अनुभव हे त्याचे स्वतःचे असतात. परंतु ज्या साच्यात तो ते ओततो तो साचा पुष्कळदा दुसऱ्या भाषेतून, दुसऱ्या धर्माच्या माणसांकडून, क्वचित समुद्रापलीकडूनही आलेला असतो. आपल्या मराठवाड्याच्या भूमीत ही देवघेव किमान पाचशे वर्षे चालू आहे, आणि तिच्यात आपल्या समाजातील कवींचा वाटा लहान नाही. या वाट्याची माहिती आपल्या मुलांना असावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

हेतू लहान असला तरी त्यामागील प्रश्न लहान नाही. परतूर तालुक्यातील आपल्या आष्टीसारख्या गावात मुलगा घरात दखनी बोलतो, बाजारात मराठी बोलतो, कुरआनशरीफ अरबीत वाचतो आणि शाळेत मराठी किंवा उर्दू माध्यमातून शिकतो. असा मुलगा वहीच्या मागच्या पानावर चार ओळी मराठीत लिहू लागला की घरातून विचारणा होते, ‘‘आपली जबान सोडून हे कशाला?’’ आणि बाहेरचा कोणी भला माणूस कौतुकानेच म्हणतो, ‘‘अरे वा, तुझे मराठी इतके चांगले कसे?’’ दोन्ही प्रश्न प्रेमाने विचारलेले असतात, तरी दोहोंचा अर्थ मुलाच्या मनात एकच उतरतो : ही भाषा, हे वृत्त, ही ओवी आपली नव्हे, आपण येथे पाहुणे आहोत. इतिहास काय सांगतो ते आता पाहू.

आपल्या जिल्ह्यापासूनच सुरुवात करू. (जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला, त्यापूर्वी आपला परतूर तालुका परभणीत आणि अंबड तालुका औरंगाबादेत होता, हे मुलांना सांगावे लागते.) अंबडच्या परिसराशी ज्यांचे नाते आहे त्या बियाबानी घराण्यातील सूफी शाह अशरफ बियाबानी यांनी १५०३ साली ‘नौसरहार’ नावाचे काव्य रचले. नौसरहार म्हणजे नऊ पदरी हार. विषय करबलाचा, काव्यप्रकार फारसीतील मसनवी. मसनवीत प्रत्येक दोन ओळींचे यमक वेगळे असते, त्यामुळे लांबलचक कथा सांगण्यास हा प्रकार फार सोयीचा. पण भाषा मात्र फारसी नव्हे. ज्या बोलीला त्या वेळी हिंदवी म्हणत आणि पुढे दखनी म्हणू लागले, तीच बोली त्यांनी घेतली. म्हणजे साचा इराणचा, घटना अरबस्तानातली आणि शब्द आपल्या गल्लीतले. ही दखनी मराठीच्या शेजारी वाढली. ‘मैंच’, ‘वहींच’ असे बोलताना आपण जो ‘च’ लावतो तो मराठीचाच ‘च’ आहे. दिल्ली-लखनौची उर्दू बोलणारा तो ऐकून हसतो. हसू द्यावे. त्या एका अक्षरात पाच शतकांचा शेजार आहे.

विजापूरकडच्या सूफींनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. जात्यावर दळताना आणि चरख्यावर सूत काढताना बायका जी गाणी म्हणत, त्याच ढंगात त्यांनी ‘चक्कीनामा’, ‘चरखानामा’ अशी पदे दखनीत रचली. जात्याचा खुंटा, पाळू, पीठ यांच्या रूपकांतून ईश्वराचे स्मरण शिकवले. मराठी घरात पहाटे जात्यावरची ओवी आणि शेजारच्या घरात चक्कीनामा, असे चित्र दख्खनच्या गावोगाव असेल. जाते दोन्ही घरी एकच. गिरणी आली आणि दोन्हीही थांबले.

आता देवघेवीची दुसरी बाजू, म्हणजे ओवी आणि अभंग. ग्रंथातील ओवी साधारण साडेतीन चरणांची; पहिल्या तीन चरणांचे यमक जुळते आणि चौथा चरण आखूड असतो. अक्षरांचे बंधन सैल असल्याने विचार लांबवर नेता येतो. अभंगाची शिस्त अधिक : सहा, सहा, सहा आणि चार अशी बावीस अक्षरे आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक. हे दोन्ही प्रकार ज्ञानेश्वर-नामदेवांपासून मराठीचे. त्यांत शेख महंमद यांनी ‘योगसंग्राम’ हा अठरा प्रसंगांचा ग्रंथ लिहिला. तो १६४५ साली पूर्ण झाला. श्रीगोंदे येथे त्यांचे वास्तव्य होते व तेथेच त्यांची समाधी आहे. मालोजी भोसल्यांशी त्यांचा संबंध सांगितला जातो आणि त्यांचे गुरू चांद बोधले यांचे स्थान दौलताबादेस आहे. सूफी ज्याला नफ्साशी झुंज म्हणतात तेच युद्ध या ग्रंथात ओवीच्या वेषात उभे आहे. आपण जन्माने ‘अविंध’ आहोत हे शेख महंमद लपवत नाहीत, आणि त्याबद्दल क्षमाही मागत नाहीत.

हुसेन अंबरखान यांनी भगवद्गीतेवर ‘अंबरहुसेनी’ ही ओवीबद्ध टीका लिहिली. बिदरच्या शाह मुंतोजी बहामनींचेही ओवीबद्ध ग्रंथ आहेत. आणि आपल्या अगदी जवळचे म्हणजे शाहमुनी. अंबड तालुक्यात गोदावरीच्या काठी शहागड आहे, एस. टी. ने जाताना तेथला पूल आपण ओलांडतो. तेथे त्यांची समाधी आहे. त्यांचा ‘सिद्धान्तबोध’ पन्नास अध्यायांचा असून तो अठराव्या शतकाच्या शेवटी पूर्ण झाला. आपल्या घराण्याची हकीकतही त्यांनी ग्रंथातच सांगितली आहे. या सत्पुरुषांचे तत्त्वज्ञान आज प्रत्येकाने मान्य करावे असे माझे म्हणणे नाही. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. येथे विचार फक्त काव्याच्या साच्याचा आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ हे पुस्तक लिहिले आणि मराठवाडा विद्यापीठात मराठी शिकवलेले डॉ. यू. म. पठाण यांनी या विषयाचा जन्मभर पाठपुरावा केला. डॉ. पठाण १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ज्या पालकांना ‘मराठीत आपले कोण?’ असा प्रश्न पडतो त्यांना एवढे एक नाव पुरे.

शाहिरांविषयी थोडक्यातच सांगतो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पेशवाईच्या उत्तरकाळातील सगनभाऊ हे शिकलगार मुसलमान. त्यांच्या लावण्या आणि पोवाडे होनाजी बाळाच्या तोडीचे मानले जातात. विसाव्या शतकात बार्शीचे अमर शेख (१९१६–१९६९) यांनी पोवाड्याला गिरणी कामगारांच्या सभेत आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत उभे केले. त्यांचा आवाज ज्यांनी मैदानात ऐकला ती माणसे आता विरळाच उरली.

आता गझलेकडे वळू. विद्यार्थ्यांनी येथे थोडे लक्षपूर्वक वाचावे, कारण खरी मौज येथेच आहे.

वली दखनी (१६६७–१७०७) हे औरंगाबादचे, आजच्या छत्रपती संभाजीनगरचे. फारसीत जी गझल मान्यता पावली होती ती त्यांनी आपल्या बोलीत इतक्या सफाईने लिहिली की १७०० साली ते दिल्लीस गेले आणि पुढे त्यांचा दीवान तेथे पोहोचला, तेव्हा फारसीत लिहिणारे दिल्लीचे शायर आपल्या भाषेकडे वळले. उर्दू गझलेचा पाया दिल्लीत नव्हे, दख्खनमध्ये घातला गेला, हे उर्दू शिकणाऱ्या मुलांनी अभिमानाने सांगावे. वलींनंतर त्याच शहरात सिराज औरंगाबादी (१७१५–१७६३) झाले. आणि सिराज तरुण असताना त्याच शहरात आणखी एक कवी राहत होते : अमृतराय (१६९८–१७५३), मध्वमुनीश्वरांचे शिष्य, ‘कटाव’ या अनुप्रासाने दणाणणाऱ्या रचनेचे प्रसिद्ध कीर्तनकार कवी. मराठीतील सर्वांत जुनी गझल याच अमृतरायांच्या नावावर सांगितली जाते. सिराज आणि अमृतराय यांची कधी भेट झाली का, याची नोंद नसली तरी चालेल. एकाच शहराच्या हवेत मुशायरा आणि कीर्तन दोन्ही चालू होते. कानाला कुंपण नसते.

अमृतरायांनंतर मोरोपंत (१७२९–१७९४). आर्येचे हे बादशहा, पण त्यांनी गझलेच्या चालीवरही एक रचना केली. तीत ते आपल्या जिभेला ‘रसने’ म्हणून हाक मारतात आणि रामाच्या यशाची गोडी सांगतात. विषय पूर्ण भक्तीचा, मांडणी पूर्ण पंडिती. तिचे वृत्त मांडून पाहावे. लघू अक्षराला ‘ल’ आणि गुरू अक्षराला ‘गा’ म्हटले तर एका ओळीचा ठोका असा पडतो : गागाल गालगागा गागाल गालगागा. हाच ठोका हातात धरून इक्बाल यांचा ‘तराना-ए-हिंदी’ मनात म्हणून पाहा. १९०४ साली लिहिलेला तो तराना शाळाशाळांतून गायला जातो, तुम्हा सर्वांना पाठ आहे. ठोका तंतोतंत तोच! अरबी-फारसी शास्त्रात या बहराला ‘मुजारे’ म्हणतात, मराठीत पुढे त्याला ‘आनंदकंद’ हे नाव मिळाले. रामभक्तीत रंगलेले बारामतीचे पंतकवी आणि सियालकोटचे इक्बाल, शंभराहून अधिक वर्षांच्या अंतराने, एकाच पावलाने चालले आहेत.

दुसरे उदाहरण याहून सोपे. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक मराठी शाळेतील प्रत्येक मुलाच्या कानावरून गेलेले आहेत. त्यांचे वृत्त भुजंगप्रयात : लगागा लगागा लगागा लगागा. फारसीत ‘मुतकारिब’ नावाचा बहर आहे, त्याचा ठोका हाच. फिरदौसीचा ‘शाहनामा’ याच बहरात आहे. फरक इतकाच की तेथे प्रत्येक ओळीचे शेवटचे एक अक्षर कमी होते. ही एकाने दुसऱ्याची केलेली नक्कल नव्हे. संस्कृतने हे वृत्त आपल्या वाटेने घडवले, अरबी-फारसीने आपल्या वाटेने. दोघांची मोजणी ऱ्हस्व-दीर्घाच्या तत्त्वावरच होती म्हणून वाटा येऊन एका ठिकाणी मिळाल्या. साचा परका आहे असे आपण म्हणतो तेव्हा तो खरोखर किती परका आहे, हे मोजून पाहावे.

परंतु साचा सारखा असला तरी प्रत्येक भाषा त्याचे मोल आपल्या नाण्यात देते. उर्दूत शब्दाच्या शेवटी लिहिलेले दीर्घ अक्षर गरजेप्रमाणे ऱ्हस्व म्हणता येते. तराना-ए-हिंदीच्या अगदी पहिल्या ओळीतील ‘से’ असाच आखडून म्हणावा लागतो, तेव्हा ठोका जमतो. ही सवलत मराठीत नाही. ‘ने’ लिहिला की तो गुरूच. मग मराठीने काय केले? मोरोपंतांच्या त्या रचनेचा पहिलाच शब्द पाहा. ‘रसने’मध्ये ‘र’ आणि ‘स’ ही दोन लघू अक्षरे मिळून एका गुरूची जागा भरतात. बोलताना आपण ते ‘रस्-ने’ असेच म्हणतो, नाही का? उर्दू शायरही ‘घर’ हा शब्द एकच गुरू मोजतो. उर्दूने दीर्घ आखडले आणि मराठीने दोन लघू जोडले. दोघांनी ठोका सांभाळला आणि दोघांनी आपापल्या जिभेचा मान राखला. दुसऱ्याच्या वृत्तात स्वतःची कविता लिहिणे म्हणजे नेमके काय, ते या दोन अक्षरांत सापडते.

या साऱ्याचे शास्त्र मराठीत मांडण्याचे श्रेय माधव जूलियन यांचे. माधव त्र्यंबक पटवर्धन (१८९४–१९३९) हे फारसीचे प्राध्यापक. त्यांनी फारसी-मराठी कोश केला, उमर खय्यामच्या रुबायांचे मराठी अनुवाद केले, ‘छंदोरचना’ हा ग्रंथ लिहिला आणि १९३३ साली ‘गज्जलांजलि’ हा स्वतःच्या गझलांचा संग्रह काढला. फारसी बहरांना त्यांनी मराठी कानाला गोड लागतील अशी नावे दिली. ‘लगागागा’ चार वेळा आले की ‘वियद्गंगा’. एवढा खटाटोप करणाऱ्या या विद्वानाविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट म्हणावीशी वाटते : त्यांच्या गझला वृत्ताने गझल आहेत, प्रकृतीने भावगीत आहेत. आरंभापासून अखेरपर्यंत एकच भाव वाहत जातो. गझलेचा शेर दोन ओळींत स्वतःच्या पायावर उभा राहतो, हे तिचे मर्म त्यांच्या हाती क्वचितच लागले.

ते मर्म मराठीत रुजवले अमरावतीच्या सुरेश भट यांनी (१९३२–२००३). ‘रंग माझा वेगळा’ १९७४ साली आणि ‘एल्गार’ १९८३ साली आला. मतला, काफिया, रदीफ, अलामत हे नियम त्यांनी नवोदितांना पोटतिडकीने शिकवले; त्यासाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. नियम अवघड नाहीत. समजा, काफियाचे शब्द आहेत ‘सूर, दूर, चूर’ आणि त्यांच्यामागे प्रत्येक वेळी ‘होते’ हा शब्द येतो. ‘होते’ हा रदीफ. तो बदलत नाही. ‘सूर, दूर, चूर’ हा काफिया, आणि त्यातला ‘ऊ’ हा स्वर म्हणजे अलामत. ‘ऊ’ मोडून ‘वार’ आणले की गझल मोडली. पहिल्या शेरात, म्हणजे मतल्यात, दोन्ही ओळी या जोडणीने संपतात; पुढे फक्त दुसरी. नियम कडक आहेत अशी तक्रार काही मुले करतात. क्रिकेटमध्येही यष्ट्या हलवता येत नाहीत.

भटांच्या काळात आणि त्यांच्यानंतर आपल्या समाजातील कवींनी मराठी गझल हाती घेतली, तेव्हा वर्तुळ पूर्ण झाले असे म्हणता येईल. कोकणातील बदीउज्जमा खावर यांनी उर्दूबरोबर मराठीतही गझला लिहिल्या. सांगली जिल्ह्यातील दुधगावचे इलाही जमादार (१९४६–२०२१) यांच्या गझला गायकांनी घरोघरी पोहोचवल्या. ‘जखमा अशा सुगंधी’ हा त्यांचा संग्रह. नवोदितांच्या सदोष गझला तपासून दुरुस्त करण्यासाठी त्यांनी ‘गझल क्लिनिक’ चालवले, हे नावही मोठे झकास.

देवघेव केवळ फारसी आणि मराठीतच झाली असे नाही. इटलीत जन्मलेला आणि इंग्रजीतून आलेला चौदा ओळींचा काव्यप्रकार, ज्याला आपण सुनीत म्हणतो, तो केशवसुतांनी १८९२ साली मराठीत आणला. त्या पहिल्या सुनीताचे नाव आहे ‘मयूरासन आणि ताजमहाल’. युरोपचा साचा, मराठी भाषा आणि विषय शाहजहानच्या दोन निर्मिती! याच्या उलट वैजापूरचे सिकंदर अली वज्द (१९१४–१९८३) यांनी उर्दू नज्म घेऊन तीत अजिंठा आणि वेरूळ गायले. पेशाने ते न्यायाधीश, पुढे राज्यसभेचे सदस्य. हैदराबाद संस्थानात १९४८पर्यंत शिक्षण आणि कारभार उर्दूतून चाले, त्यामुळे मराठवाड्यातील हिंदू कुटुंबांतही गालिब आणि इक्बाल तोंडपाठ असलेले वडीलधारे असत. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांनी उर्दू काव्य मराठी वाचकांपर्यंत आणले ते याच शिदोरीवर. ती पिढी सरली. आता उर्दू फक्त आपली आणि मराठी फक्त त्यांची, अशी वाटणी जी आपण गृहीत धरतो ती फार जुनी नाही; आपल्या आजोबांनाही ती विचित्र वाटली असती.

लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. आधी एक वृत्त निवडा, आनंदकंद किंवा भुजंगप्रयात, आणि शब्द न घालता बाकावर बोटांनी त्याचा ठोका आठवडाभर वाजवा. ठोका अंगात मुरल्यावर शब्द आपोआप जागा शोधतात. साचा दुसऱ्याचा घेतलात तर सामान घरचे घाला. गझलेत साकी आणि मयखाना आलाच पाहिजे असा कोठेही नियम नाही. आठवडी बाजार, कापसाची वेचणी, मोसंबीची बाग, गोदावरीचे कोरडे पात्र हेही शेरात बसते. अभंग लिहायचा असेल तर अक्षरे मोजा. हायकू लिहायचा असेल तर शिरीष पै यांचे हायकू वाचा. जपानचा हा तीन ओळींचा प्रकार त्यांनी मराठीत रुळवला. आणि लिहून झाले की मोठ्याने वाचून दाखवा. आईला वाचून दाखवा, तिला जात्याचा किंवा लोरीचा ठोका आपल्याहून अधिक कळतो.

एक प्रश्न मुले नेहमी विचारतात, आणि तो संकोचाने विचारतात. गझलेच्या शेवटच्या शेरात, म्हणजे मक्त्यात, शायर आपला तखल्लुस घालतो. अभंगाच्या शेवटच्या कडव्यात संत आपली नाममुद्रा घालतात. दोन परंपरांची ही रीत एकमेकींशी हुबेहूब जुळते. मग मराठीत अभंग लिहिला तर शेवटी आपले नाव कसे घालावे? आपले नाव तेथे शोभेल का? की एखादे दुसरे, सर्वांना चालेल असे टोपणनाव घ्यावे? या मुलांना शेख महंमदांची पदे उघडून दाखवावीत. पावणेचारशे वर्षांपूर्वी त्यांनी शेवटच्या चरणात घातलेले नाव शेख महंमद हेच आहे.